दोन पोती क्रॉफिश आणि ह्यूस्टनहून निघालेले पाहुणे

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा दिसणारा जीव, आणि बॉइल म्हणजे तो मोठ्या भांड्यात मसाल्याच्या पाण्यात उकळून सगळ्यांनी मिळून खायची पंगत. आमच्याकडे क्रॉफिश बॉइल ठरवताना पहिली भानगड वाराची. शनिवार बाद, कारण येणाऱ्यांतल्या निम्म्यांचा मारुती. शुक्रवारी इथल्या कॅथलिक लोकांची झुंबड, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, शुक्रवारी मटण-चिकन खात नाहीत पण मासे, कोळंबी, क्रॉफिश सगळं चालतं, त्यामुळे गुड फ्रायडेच्या आठवड्यात भाव असा चढतो की विचारूच नका. राहिला रविवार, तर त्या रविवारी नेमकी संकष्टी. आणि ही काही नशिबाची गोष्ट नाही हां, ईस्टर येतो पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे संकष्टी त्याच्या आसपासच घुटमळत असणार. शेवटी ईस्टर उलटून गेल्यावरचा एक मोकळा रविवार सापडला, तोपर्यंत भावही उतरला होता आणि माल पण मोठा यायला लागला होता. सीझन तसा जानेवारीपासून जूनपर्यंत चालतो पण खरी मजा मार्चच्या शेवटापासून मेपर्यंतच, आधीचा माल बारीक आणि महाग, नंतरच्याचं कवच इतकं कडक की नखं जातात.

आम्ही राहतो बॅटन रूजला, लुइझियानात. पाहुणे येणार ह्यूस्टनहून, तीन गाड्या, पोरंबाळं धरून वीसेक माणसं, शिवाय सासूबाई रत्नागिरीहून आल्या होत्या. ह्यूस्टनलाही क्रॉफिश मिळतो, चांगला मिळतो, पण या लोकांना "तिथलाच" खायचा होता. म्हटलं या.

हिशोब सांगते, कारण हाच प्रश्न मला सगळे विचारतात. इथली माणसं एका डोक्यामागे तीन ते पाच पाउंड धरतात. ऐकायला भयंकर वाटतं पण त्यात खायचं मांस फक्त शेपटीत, वजनाच्या साधारण १५ टक्के, म्हणजे सहा-सात पाउंड जिवंत माल सोलला की पाउंडभर मांस हाताला लागतं. जाळीच्या पोत्यात ३०-३५ पाउंड असतात, १४-१६ किलो. आमच्यात तीन शाकाहारी, एकाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी, चार-पाच पोरं जी मका आणि बटाटे खाऊन पळणार, म्हणून दोन पोती पुरली. सगळे पट्टीचे खाणारे असते तर तीन लागली असती. पोतं घेताना निवडलेला मोठा माल हवा की सरसकट तेही विचारतात. मी सरसकटच घेते, स्वस्त पडतो, आणि बारीक क्रॉफिश मला जास्त गोड लागतो. शेजारच्या आजोबांना हे अजिबात पटत नाही.

हे आजोबा म्हणजे पक्के केजन. त्यांचे पूर्वज फ्रेंच, १७५५ नंतर कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून इंग्रजांनी हाकलून दिलेल्यांपैकी. ८० क्वार्टचं ॲल्युमिनियमचं भांडं (७५ लिटरच्या आसपास, आत भोकाभोकांची जाळी), प्रोपेनची शेगडी आणि वल्ह्याएवढा लाकडी उलथणा हे सगळं त्यांचं. वस्तू आणून देतात आणि मग खुर्ची टाकून तिथेच बसतात, माझ्यावर लक्ष ठेवायला.

पोती मी त्याच दिवशी सकाळी आणली. आदल्या रात्री आणली तरी चालतं, पण मग नीट ठेवावी लागतात. लोकांना वाटतं पाण्यातला जीव आहे तर टबात पाणी भरून सोडू, आणि तिथेच सगळा माल मरतो, एवढ्या गर्दीत पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपतो. त्यांच्या कल्ल्यांना फक्त ओल लागते. कूलरमध्ये पोतं आडवं ठेवायचं, वर ओला टॉवेल, त्यावर बर्फाची पिशवी, झाकण थोडं किलकिलं आणि खालची तोटी उघडी, म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. असा माल दीड-दोन दिवससुद्धा टिकतो.

सासूबाई पोत्याजवळ वाकून बघत होत्या. जाळीतून नांग्या बाहेर येत होत्या, आणि ती ओली किरकिर, बारीक खडखड चालू होती.

"हे शेतातले की नदीतले?"

"शेतातले आई, भाताच्या शेतातले."

मग मला सगळं सांगावं लागलं. इथे ऑगस्टच्या सुमाराला भात कापतात, मग शरदात त्याच खाचरांत पाणी सोडतात. उन्हाळाभर बिळात बसलेल्या माद्या पिल्लं घेऊन वर येतात, भाताचं पुन्हा फुटलेलं आणि कुजलेलं पेंढाट खाऊन वाढतात, आणि शेतकरी होडीतून फिरत जाळीचे सापळे उचलत जातो. नदीतलाही असतो, अचाफलायाच्या दलदलीतला, पण तो वसंतात पाणी किती चढतं त्यावर. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे इतका दुष्काळ पडला की जमीन भेगाळली, बिळांतले जीव बिळातच गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला क्रॉफिश विकत घेणं म्हणजे चैन झाली होती. त्या वर्षी आम्ही नुसता वास घेतला. आई म्हणाल्या, आमच्याकडे पहिल्या पावसात मुठे निघतात तसंच की. अगदी तसंच, फक्त इथे पाऊस माणूस पाडतो.

धुणं हे सगळ्यात कष्टाचं काम. पोरांचा प्लास्टिकचा स्विमिंग पूल असतो ना, त्यात पोतं रिकामं करायचं, होजने पाणी मारायचं, उलथण्याने हलवायचं, काळं पाणी ओतून द्यायचं, परत. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मध्ये गवत निघतं, सापळ्यात आमिष म्हणून घातलेल्या माशांचे तुकडे निघतात (त्यांचा वास, काय सांगू), आणि मेलेले निघतात. मेलेला म्हणजे हात लावला तरी हलत नाही, शेपूट लोंबतंय, तो सरळ फेकायचा. पोत्यात मूठभर मेलेले निघणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण जास्तच निघाले आणि वास यायला लागला तर ते पोतं शिजवू नये.

इथे आजोबा मिठाचा डबा घेऊन उठले. जुन्या लोकांची पद्धत आहे, शेवटच्या पाण्यात मीठ टाकायचं, म्हणजे क्रॉफिश पोटातली घाण बाहेर टाकतो. इथल्या युनिव्हर्सिटीचे शेतकी खात्याचे लोक वर्षानुवर्षं सांगतायत की मिठाने तसं काही होत नाही, पोट रिकामं करायचं तर बिनखाण्याचं स्वच्छ वाहत्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवावं लागतं, मीठ टाकलं काय नाही काय, जे होतं ते धुण्याने होतं. पण भांडं आजोबांचं. म्हटलं टाका.

पोरं एकेक क्रॉफिश उचलून एकमेकांच्या अंगावर नेत होती. पाठीवर, नांग्यांच्या मागे, दोन बोटांत धरला की तो काही करू शकत नाही. आईंना सांगायची गरजच नव्हती, चिंबोऱ्या धरलेला हात तो. त्यांनी एक उचलला, उलटा करून पोट बघितलं आणि "मादी आहे" म्हणून परत टाकला.

आता वेळेचं. माझ्या मते बॉइलमध्ये खरं कौशल्य कुठलं असेल तर हेच, बाकी मसाला डब्यात मिळतो. क्रॉफिश पाण्यात टाकल्यापासून टेबलावर येईपर्यंत पाऊण तास ते पन्नास मिनिटं, आणि आला की लगेच बसायचं, कारण गार झालेला क्रॉफिश म्हणजे रबर. पुन्हा गरम केला तर मांस कवचाला चिकटतं. आता मराठी पाहुणे आणि ठरलेली वेळ. सकाळी साडेआठला फोन केला तर "निघालोच" असं उत्तर आलं आणि मागून आंघोळीचा नंबर कोणाचा यावरून भांडण ऐकू येत होतं. ह्यूस्टन ते बॅटन रूज साडेचार तास, मध्ये लाफिएटला चहा घेणार, कोणाला तरी ब्रो ब्रिजची पाटी बघून उतरायचं असणार (ते गाव स्वतःला जगाची क्रॉफिश राजधानी म्हणवतं, आणि मे महिन्यात तिथे क्रॉफिशची जत्रा भरते). त्यामुळे घड्याळावर मी कधीच जात नाही, मी पुलावर जाते. लाफिएट सोडलं की अचाफलायाच्या दलदलीवरून १८ मैलांचा पूल आहे, त्यावर गाडी सहजासहजी वळवून परत फिरता येत नाही आणि थांबायलाही फारसं काही नाही. पुलावर चढलात की फोन करा, एवढंच सांगून ठेवलं होतं. तिथून आमच्याकडे एरवी पाऊण तास, पण बॅटन रूजमध्ये शिरताना मिसिसिपीवरच्या पुलाला ट्रॅफिक तुंबतं ते वेगळं.

तोपर्यंत पाण्याची तयारी. भांडं निम्म्याच्या थोडं खाली भरायचं, क्रॉफिश आणि बटाटे पडले की पाणी वर येतं हे लक्षात ठेवून. शेगडी घरापासून लांब, मोकळ्यावर, पोरांसाठी भोवती खडूने गोल आखलेला, त्याच्या आत यायचं नाही म्हणजे नाही. जास्तीचा सिलिंडर बाजूला भरलेला पाहिजेच. पाण्यात डझनभर लिंबं कापून पिळून सालांसकट, आठ-दहा कांदे अर्धे करून, लसणाचे अख्खे गड्डे आडवे चिरून, तमालपत्र, आणि मसाला. मसाल्याच्या बाबतीत इथे घराणी आहेत. कोणी झॅटरन्सवाले, ती न्यू ऑर्लिन्सची जुनी कंपनी, १८८९ ची. कोणी लुइझियाना फिश फ्राय. कोणी टोनी सॅशरीज, ते ओपलूससचे. मी दोन मिसळते आणि कोणालाच खूश ठेवत नाही. पावडरीत मीठ भरपूर असतं, वेगळं घालायच्या आधी पाणी चाखायचं. आणि पाणी कसं लागलं पाहिजे तर असह्य. खारट, तिखट, आंबट, एक चमचा प्यायला की घसा धरला पाहिजे, कारण त्यातला थोडासाच भाग कवचाच्या आत जाणार आहे.

झॅटरन्सची एक अख्ख्या मसाल्याची पुरचुंडी पण येते, जाळीत बांधलेली. आईंनी ती नाकाशी धरली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मोहरी, धणे, तमालपत्र, मिरची... आणि हे काय, शेपू?" डब्यावर बघितलं तर शेपूचं बी होतंच. शिवाय एक ऑलस्पाइस नावाचं फळ असतं, तेवढं त्यांना ओळखता आलं नाही, लवंग म्हणाल्या. आजोबांना मी हे भाषांतर करून सांगितलं तर ते उठून आईंना खुर्ची द्यायला लागले.

शाकाहाऱ्यांचं भांडं वेगळं आणि आधी. हे मी कोणाला विचारत नाही, करतेच. लहान पातेलं, तोच मसाला, त्यात बटाटे, मका, फ्लॉवरचे मोठे तुरे, लसूण, मशरूम. फक्त मशरूम खाताना सांभाळून, तो पाणी पिऊन बसलेला असतो, चावला की कढत तिखट रस्सा थेट घशात. सॉसेजचं पण तसंच, इथे डुकराचंच घालतात सहसा, आमच्यात कोणाला डुक्कर नको कोणाला गाय नको, म्हणून चिकनचं आणलं आणि तेही वेगळं उकळलं.

फोन साडेबाराला आला. पुलावर. मी लगेच लाल बटाटे टाकले, ते अर्धवट शिजले तसे क्रॉफिश. जाळीत पोतंभर जिवंत क्रॉफिश ओतताना एक क्षण सगळे गप्प होतात, आमची धाकटी आत पळून गेली, दरवर्षी जाते, आणि खायला पहिली असते. थंड माल पडल्यामुळे उकळी बसते. आच पूर्ण. आठ-दहा मिनिटांनी कडेने बुडबुडे, मग मधोमध खळखळ, वाफेबरोबर लाल मिरचीचा ठसका अख्ख्या गल्लीत. हिरवट काळपट होते ते लालभडक झाले. खळखळून उकळी आल्यापासून तीन मिनिटं मोजायची आणि आच बंद. खरंच बंद. नवशिके इथेच चुकतात, त्यांना वाटतं आणखी थोडं उकळलं की मसाला आत जाईल. उकळताना आत फारसं काही जात नाही, उकळताना मांस आकसतं आणि कवच धरून बसतं. मसाला जातो तो नंतर, आच गेल्यावर, पाणी निवत जातं तेव्हा. म्हणून गोठवलेला मका याच वेळी टाकायचा, तो एकदम गारवा देतो, आणि बाहेरून भांड्यावर होजने पाणी मारत राहायचं. सुरुवातीला सगळे क्रॉफिश वर तरंगत असतात, मग हळूहळू पाणी पिऊन जड होतात आणि खाली बसायला लागतात. त्या बुडण्यावर नजर ठेवायची. दहा मिनिटांनी एक काढून सोलायचा, चाखायचा. वीस मिनिटांनी परत. पंचविशीत मला हवा तसा झाला.

आजोबांनी एक सोलून तोंडात टाकला, काही बोलले नाहीत, दुसरा घेतला. म्हणजे ठीक.

गाड्या आल्या तेव्हा मी जाळी वर काढून निथळत ठेवली होती. मिसिसिपीच्या पुलाने जास्तीची वीस मिनिटं खाल्ली, पण भिजवण्यात तेवढी सवलत असते, फक्त तिखट वाढतं. लांब टेबलावर प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रं, आणि त्यावर थेट ढीग. कोणीतरी "ताटं कुठे आहेत?" विचारलंच. ताटं नाहीत. उभं राहायचं, बाही वर करायची, ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्स आहेत त्यांनी आत्ताच काढून या, नंतर रात्री डोळ्याला हात लावलात तर मला फोन करू नका.

सोलायचं असं, एका हातात डोकं, दुसऱ्यात शेपूट, किंचित पिळून ओढायचं, वेगळं होतं. शेपटीचं पहिलं कडं सोलून टाकायचं, मग टोकाशी चिमटा काढून मांस ओढलं की अख्खं येतं, बरेचदा काळा धागा पण त्याच्याबरोबर सुटतो. डोक्यात पिवळा माल असतो, त्याला इथे फॅट म्हणतात, खरं तर ते त्याचं यकृत, आणि सगळी चव तिथे. डोकं चोखायचं. आईंना हे सांगायला लागलं नाही, उलट त्या ह्यूस्टनवाल्यांना ओरडत होत्या, "अरे डोकी काय टाकताय!" शेपूट सरळ राहिलेला क्रॉफिश खाऊ नका, तो आधीच मेलेला होता, असं पण इथे सांगतात. नेहमीच खरं नसतं ते, गर्दीत दाबला गेला तरी शेपूट सरळ राहतं, मी मांस बघते, घट्ट असेल तर खाते, पिठूळ असेल तर टाकते.

मग वाद झालाच. ह्यूस्टनवाल्यांपैकी एकाने विचारलं, "बटर-गार्लिक नाही का?" ह्यूस्टनमध्ये १९७५ नंतर व्हिएतनामी लोक मोठ्या संख्येने आले, त्यांनी क्रॉफिश आपलासा केला आणि शिजवल्यावर लोणी-लसणात घोळवून द्यायची पद्धत काढली, आणि ती फार चविष्ट लागते, मी स्वतः तिकडे गेले की खाते. पण आजोबांसमोर हे बोलायचं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्शात साखर मागण्यासारखं. त्यांचं म्हणणं, वरून लावलेलं सगळं बोटांना लागतं, आत जातं ते फक्त पाण्यातलं. मी आतून वाटीभर लोणी लसूण घालून वितळवून आणलं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. आजोबांनी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसरं पोतं त्याच पाण्यात. थोडी पावडर आणि लिंबं वाढवायची, पण बेताने, कारण पाणी आधीच मुरलेलं असतं, दुसरा घाणा कायम पहिल्यापेक्षा तिखट. पोरं तोपर्यंत उठलेली असतात, खरे खाणारे उरतात. इथली माणसं याच्यावर बिअर पितात. मी सोलकढी केली होती, आईंनी आणलेल्या आमसुलांची, मोठं पातेलंभर, बर्फात ठेवून. तिखटाने ओठ पेटलेले असताना बिअरपेक्षा नारळाचं दूध कितीतरी बरं, हे माझं ठाम मत आहे. आजोबांनी दोन ग्लास घेतले आणि तिसरा घरी बायकोसाठी झाकून नेला. अट एकच घातली, या भांड्याच्या जवळपास नारळ आणायचा नाही.

उरलेले त्याच बैठकीत सोलून घ्यायचे, दुसऱ्या दिवसावर ठेवले की कोणी हात लावत नाही. आम्ही चौघी-पाच जणी बसलो, गप्पा मारत मारत मोठा डबा भरला, थोडं फॅट पण काढून ठेवलं, सोमवारी त्याचं एटुफे केलं, म्हणजे कांदा, सेलरी, ढोबळी मिरची लोण्यात परतून दाटसर कालवण आणि भात. मसाल्यातले उरलेले बटाटे कुस्करून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, ती भाजी पोळीबरोबर क्रॉफिशपेक्षा जास्त लवकर संपली. सोललेलं मांस ज्या डब्यात ठेवाल तो स्वच्छ हवा, जिवंत माल ज्या कूलरमध्ये होता त्यात शिजलेला परत टाकू नका, धुतल्याशिवाय अजिबात नाही.

आणि कवचं. याबद्दल कोणी आधी सांगत नाही. दोन पोत्यांची कवचं म्हणजे वीस-पंचवीस किलो ओला कचरा, लुइझियानाचा उन्हाळ्याकडे झुकलेला एप्रिल, आणि आमची कचऱ्याची गाडी येते गुरुवारी. पहिल्या संध्याकाळीच दुहेरी पिशव्यांत बांधून गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये टाकायची, गुरुवारी सकाळी बाहेर काढायची. नवऱ्याने बर्फाच्या ट्रे हलवून जागा करून दिली, आईस्क्रीम आजोबांच्या फ्रीजरला गेलं. अजून तिकडेच आहे.